उंचाकडची माती

समुद्र हाकेवर असताना अंगणात टाकी मांडून तीत डुंबायचं, हे खूळ अमेरिकन माणसालाच सुचावं. मी चिंचणीच्या मासेमार मांगेल्यांची मुलगी. आमच्याकडे पाण्यात उतरायचं ते पोटासाठी. नुसतं भिजायचं, बाहेर यायचं आणि तेवढ्यासाठी निराळे कपडे शिवून ठेवायचे, हे मी पहिल्यांदा मडमकडे बघितलं.

तारापूरला वीजघराचं काम चाललं होतं तेव्हाची, सदुसष्ट सालची ही गोष्ट. कामावर अमेरिकन साहेब बायकापोरांसह आले होते आणि त्यांच्यासाठी नवी वसाहत उठली होती. एकसारखे बंगले, भोवती तारेचं कुंपण, फाटकावर पहारेकरी. शेवटच्या बंगल्यात मी स्वयंपाक करायची आणि साहेबाच्या दोन मुली सांभाळायची. सातवी पास होते, कान तिखट होते, त्यामुळे घरातलं इंग्रजी मला लवकर आलं. मग माळी येवो की सुतार, मडम मलाच मधे उभी करायची. बोलणी खायला मधलं माणूस दोन्हीकडच्यांना बरं पडतं.

मडम वाईट नव्हती, हे आधीच सांगते. एकदा ती मुलींना घेऊन आमच्या किनाऱ्यावर पोहायला गेली. नेमकी ओहोटी. ती गुडघाभर चिखलात रुतली, धाकटीचा पाय कालवाच्या शिंपल्याने कापला आणि बोंबील वाळत घालायचे सोडून सगळी आळी बघायला जमली. माझी काकू रखमाबाई तर मला तिच्यादेखत विचारत होती, "हंसा, हिचं लुगडं पाण्यात गेलं काय गो?" त्यानंतर मडमने किनाऱ्याचं नाव काढलं नाही. साहेबाने मायदेशातून एक भली मोठी पेटी मागवली. तीत पत्र्याच्या लांबच लांब पट्ट्या, निळं जाड प्लास्टिक आणि ढीगभर स्क्रू होते. खड्डा न खणता जमिनीवर उभा करायचा गोल हौद. मोठी मुलगी त्या पेटीवर बसून रोज विचारायची, कधी लावणार, कधी लावणार.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरंच वाकडं होतं. बंगल्यामागे एक जुना ताड उभा होता. त्याच्या बुडाशी जमीन उंच होती आणि तिथून कुंपणाकडे उतरत गेली होती. दुसरीकडे जागा नव्हती, कारण एका बाजूला मैल्याची टाकी पुरलेली आणि दुसऱ्या बाजूला मोटारीची वाट. साहेबाने मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि गोल फिरत चुन्याची रेघ ओढली. उंच बाजूची रेघ ताडाच्या मुळाजवळून गेली.

सपाटीचं काम माझ्या भावाकडे आलं. पुंडलिकदादा बापाचं गलबत सोडून एका कंत्राटदाराकडे मुकादम झाला होता. साहेबाने त्याला समोर उभं केलं आणि मला सांगितलं, ह्याला नीट समजाव. उंच बाजू कापायची, सखल बाजूच्या बरोबरीला आणायची. सखलात एक घमेलंसुद्धा भर टाकायची नाही. भर कितीही ठोकली तरी बसते, आणि ती बसली की हौद कलतो. हे त्याने दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा अक्षर न गाळता दादाला सांगितलं.

"कापतो," दादा म्हणाला. "त्यात काय मोठं?"

साहेब वीजघरावर निघून गेला. दादाने ताडाच्या बुडाशी नारळ फोडला आणि माणसांना कामाला लावलं. डोंगराकडच्या पाड्यांवरची वारली माणसं होती. त्यात सुका आणि त्याची बायको नवसी अशी एक जोडी होती. ही नवसी मला तोंडओळखीने ठाऊक होती. वसाहतीत गवत कापायचं निघालं की ती हजर, गटार उपसायचं निघालं की ती हजर. मनोरच्या बाजूला याहून सोपं काम मिळत असलं तरी ही इथेच यायची. संध्याकाळी परतताना ती ताडाखाली थोडा वेळ उभी राहायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला चिडवायची, "नवसी, वर काय बघतेस? ताडी उतरवायला अजून वेळ हाय." ती हसायची नाही.

त्या दिवशी सुकाने उंच बाजूला टिकाव उगारला आणि नवसी चुन्याच्या रेघेत जाऊन खाली बसली. मांडी घालून, दोन्ही हात जमिनीवर टेकून.

"उठ गो," दादा म्हणाला. "टिकाव लागंल."

ती उठेना. दादाला वाटलं, चक्कर आली असेल. मी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेले. तिने पाणी घेतलं नाही. माझ्याकडे वर बघून हळूच म्हणाली, "बाय, इथं माझी पोर हाय."

सुकाने टिकाव खाली ठेवला आणि तो बोलला. वसाहत व्हायच्या आधी ह्या उतारावर त्यांचा पाडा होता. चार झोपड्या, थोडं खाचर, हा ताड. त्यांची पहिली मुलगी जमुना चालायला लागली होती तेव्हा तापाने गेली. लहान मूल जाळत नाहीत. ताडापासून मावळतीकडे, दारातून दिसेल अशा जागी त्यांनी तिला पुरलं, अंगावर मीठ घातलं, वर दगड मांडले. पुढे सरकारने जमीन घेतली, पाडा उठला. झोपड्यांबरोबर ते दगडही मशीनने ढकलले. ताड मात्र राहिला, म्हणून जागा राहिली. नवसी कामाच्या निमित्ताने येऊन थांबायची ती जमुनापाशी.

"मग आधी बोलायचं नाय?" दादा तिच्यावर नाही, स्वतःवरच चिडल्यासारखा म्हणाला. "हंसा, तू मडमला सांग. रेघ दुसरीकडं मारतील."

नवसीने माझा हात धरला. तिचा हात खरखरीत आणि गार होता. "सांगू नको बाय. सांगितलं की हलवतात."

ती काय म्हणते ते दादाला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. पाड्याच्या शिवेवर त्यांचा वाघदेव होता, शेंदूर लावलेला दगड. जमीन मोजायला आलेल्यांना पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडून सांगितलं की तेवढा सोडा. माणसं सज्जन होती. त्यांनी हार घातला, नारळ फोडला आणि क्रेनने दगड उचलून मोठ्या रस्त्याच्या कडेला मानाने बसवला. आता त्याच्या पुढे कामगार सायकली लावतात. देव आपल्या शिवेवर नाही तर तो कुणाचा, हे विचारायला पाड्यातलं कोणी गेलं नाही.

"वर पाणी ठेवा," नवसी म्हणाली. "पावसात पण तिच्यावर पाणीच असतं. पण खाली हात लावू नका."

दादा कपाळाला हात लावून ताडाच्या बुडाशी बसला. माझा भाऊ तसा कडक. कामात चुकारपणा केला तर बापालाही बोलेल. पण त्याचं स्वतःचं एक लेकरू गोवराने गेलं होतं आणि त्या दिवसापासून कोणाच्या घरातलं लहान मूल खोकलं तरी तो उठून बाहेर जायचा. त्याने मूठभर माती उचलून दाबून बघितली. मग सुकाला म्हणाला, "तुमी खळं कसं करता?"

भात झोडायचं खळं ह्या डोंगरच्या माणसांनी करावं. उतारावर राहणारी माणसं, सपाट जागा त्यांना देवाने दिलेलीच नसते. दरसाल कापणीच्या आधी सखल बाजूला माती ओढतात, पाणी मारतात, चोपण्याने बडवतात, सुकू देतात, पुन्हा पाणी, पुन्हा बडव, वर शेणाचं सारवण. मग त्यावर बैल फिरतात, भाताच्या राशी लागतात, रात्री माणसं झोपतात, तडा म्हणून जात नाही.

"बैलाला तोलतं, तर पाण्याला काय?" दादा म्हणाला. "पाणी काय बैलाएवढं जड?"

मान हलवताना सुकालाही शंका आली नाही. दादाचं आयुष्य पाण्यावर गेलं होतं. गलबत पाण्यावर कसं ठेवायचं ते त्याला झोपेत विचारलं तरी आलं असतं. पाणीच वर उचलून ठेवायची वेळ आमच्या सात पिढ्यांत कुणावर आली नव्हती.

अशी ती भर झाली. उंच बाजूचं फक्त गवत खरवडलं. सखल बाजूला कुंपणाच्या बाहेरून तांबडी माती आणली, गुडघ्याएवढी चढवली आणि खळ्यासारखी बडवली. नवसी सगळ्यांत पुढे. चोपणं तिच्या हातात असं चालायचं की मडम वऱ्हांड्यात येऊन बघत राहिली. सारवण झालं तेव्हा नाकाला रुमाल लावून मला म्हणाली, हा वास कसला? मी म्हटलं, ह्याने किडे येत नाहीत. ते खोटं नव्हतं. वर वाळू पसरली, कडेला खरवडलेल्या गवताची ढेकळं लावली, सगळं झाकलं गेलं.

साहेब आला, त्याने लांब फळी ठेवली, फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. त्याने फळी गोल फिरवून सगळीकडून बघितलं आणि दादाचा हात हातात घेऊन हलवला. दादाने मान खाली घातली. साहेबाला वाटलं, भिडस्त आहे.

हौद उभा राहिला. निळं प्लास्टिक पसरलं आणि नळाचं पाणी सोडलं. चैत्र सरत आला होता. कुंपणापलीकडच्या पाड्यांतल्या बायका विहिरीच्या तळाला करवंटीने पाणी भरत होत्या आणि इथे पाणी दिवसभर निळ्या हौदात पडत होतं. मला राग येत होता, हे लपवत नाही. पण मुली पहिल्यांदा आत उतरल्या आणि धाकटी ओरडली, "हंसा, बघ," तेव्हा मीही हसले. मुलं कुणाचीही असोत, पाण्यात ती सारखीच दिसतात.

नवसी त्या दिवसांत बागेला पाणी घालायच्या कामावर होती. मुली डुंबत असल्या की ती ताडाखाली उभी राहून बघायची. एकदा मला म्हणाली, "बरं झालं बाय. एकटी होती, आता तिला आवाज ऐकू येतात." तिच्या तोंडावर मी इतकं समाधान आधी कधी बघितलं नव्हतं. मी दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने बिडी पेटवली आणि दुसरीकडे बघत ओढत बसला.

थोड्या दिवसांनी पाण्याची कड तिरपी दिसायला लागली. ताडाकडे पत्रा बोटभर कोरडा, कुंपणाकडे पाणी काठाशी. मडमच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण थाळीतलं वरण कुठे वाहतं ते बघायची सवय आहे. मी दादाला बोलावून दाखवलं. त्याने कुंपणाकडच्या मातीत पायाचं बोट दाबलं. बोट आत गेलं. मुलींच्या उड्यांनी रोज पाणी बाहेर सांडत होतं आणि भर ते पीत होती. खळं कोरड्या दिवसांतलं असतं, त्याला पाणी माहीत नसतं, हे सुकाच्याही तेव्हा ध्यानात आलं.

"उद्या रविवार," दादा म्हणाला. "परवा साहेबाला सांगून हौद रिकामा करू. मी दगड लावून देतो."

रविवारी दुपारी हौद फुटला. मी भाजी चिरत होते. आधी पत्रा कण्हल्यासारखा आवाज आला, मग मोठी मुलगी किंचाळली. मी धावले तेव्हा हौदाची कुंपणाकडची बाजू उघडी पडली होती आणि सगळं पाणी तांबडी माती घेऊन उतारावरून चाललं होतं. त्यात धाकटी होती. तारेच्या कुंपणाला जाऊन ती अडकली. नवसी माझ्याआधी तिथे पोचली होती. तिने कमरेएवढ्या चिखलात उभं राहून पोरीला तारेतून सोडवलं आणि छातीशी धरलं. पोरीची पाठ सोलली होती, दंडाला टाके पडले, पण ती जगली. डॉक्टर येईपर्यंत नवसीच्या गळ्यातला हात तिने सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. त्याच्या हातात फावडं होतं. त्याने स्वतः भर उकरून बघितली. खाली शेणाचा थर, माती, पुन्हा थर. मग ताडाकडे जाऊन उकरलं. तिथे टिकाव लागलाच नव्हता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो मला म्हणाला, ह्याला विचार, मी काय सांगितलं होतं.

मी विचारलं. दादा म्हणाला, "कापायला सांगितलेलं."

मग का नाही कापलं?

दादा पायाने माती सारखी करत राहिला. साहेबाने पुन्हा विचारलं. आळस? की जादा मजुरांचे पैसे वाचवले? माझी मुलगी मेली असती, हे ह्याला समजतं का, विचार. मी सगळं विचारत गेले. समोर माझा सख्खा भाऊ होता आणि प्रश्न माझ्या तोंडातून येत होते. दादा म्हणाला, "चूक झाली." त्यापलीकडे तो एक अक्षर बोलेना. मीही बोलले नाही. जिचं गुपित होतं तिने सांगू नको म्हटलं होतं.

साहेब म्हणाला, ह्याला आजपासून वसाहतीत पाय ठेवू देऊ नका, आणि कंत्राटदाराला कळवा. हे मी मराठीत सांगितलं आणि तेव्हा नवसी पुढे आली.

"मुकादमाचा दोष नाय," ती म्हणाली. "बाय, सांग त्यांना. माझी पोर सांग."

"नवसी, बघ," मी म्हटलं. "सांगितलं तर परत नाय घेता येणार."

तिने दादाकडे बघितलं, मग वऱ्हांड्यात पाठीला पट्ट्या बांधून बसलेल्या धाकटीकडे. "त्यांची पण पोरच," ती म्हणाली. "सांग."

मी सांगितलं. पाडा, ताप, मीठ, दगड, ताड. मला पुरणं ह्याला इंग्रजी शब्द आठवेना, मी हाताने दाखवलं. मडम तोंडावर हात घेऊन रडायला लागली. साहेबाने फावडं खाली ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली. तो दादाला म्हणाला, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं कदाचित, पण मला सांगायला हवं होतं. कामावरून काढायची गोष्ट तिथेच संपली.

मग ते भले लोक भल्या लोकांसारखेच वागले. नवसीने ज्याची भीती बाळगली होती तेच झालं, फक्त फार मायेने झालं. साहेब म्हणाला, मुलीला इथून सन्मानाने नेऊ. वसाहतीच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे झाड लावू, दगडावर नाव कोरू. मडमने एक लाकडी डबा आणला, पॉलिश केलेला, आत स्वतःच्या हाताने पांढरं कापड शिवलेलं. तिने तो नवसीच्या हातात दिला. नवसीने माझ्याकडे बघितलं. नको म्हणायला तिच्याजवळ शब्द होता, पण समोर डोळे सुजलेली बाई उभी होती, तिच्या पोरीला हिनेच तारेतून काढलं होतं. अशा वेळी आपल्या बायकांना नाही म्हणता येत नाही.

सुका म्हणाला, दुसऱ्या कुणी नाही, मी उकरीन. त्याने टिकाव घेतला नाही. खुरप्याने वरचा थर काढला आणि मग हातांनी. नवसी बाजूला उकिडवी बसून मातीची एकेक मूठ बोटांतून चाळत होती. साहेब टोपी हातात धरून उभा होता. मडम गुडघ्यांवर बसली होती. दादा कुंपणापाशी पाठ करून उभा होता.

हातभर खाली गेलं, काही नाही. सुका मावळतीकडे सरकला. पुन्हा हातभर. मुळं निघाली, खडे निघाले, एक खेकड्याचं बीळ निघालं. कमरेला काळा करगोटा होता म्हणून नवसी म्हणत होती, पण दोरा मातीत कितीसा टिकणार? आणि मीठ खाल्लेली माती लहान हाडं ठेवत नाही, हे मला नंतर काकूने सांगितलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की आता निघेल, आता निघेल, आणि निघू नये असंही वाटत होतं.

"इथंच," नवसी म्हणाली. "दारातून ताड उजव्या हाताला. इथंच."

सुकाने सगळं उकरलं. माणूस आडवं मावेल एवढा खड्डा झाला आणि तो रिकामा होता. शेवटी साहेब माझ्या जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, तिला सांग, इथे काही नाही. कदाचित जागा दुसरी असेल. तिला समाधान वाटेल असं सांग.

मधल्या माणसाला जीभ दिली ती देवाने शिक्षा म्हणून दिली असावी. मी नवसीजवळ बसले आणि सांगितलं, "साहेब बोलतात, इथं काय नाय."

ती रडली नाही. तिने खड्ड्यात बघितलं, मग डब्यातलं पांढरं कापड बोटाने जरा दाबून बघितलं आणि डबा मडमला परत दिला. पाडा उठल्यापासून कामाच्या निमित्ताने ती जिच्यापाशी येऊन थांबायची ती जमुना आता तिथे नव्हती. ती गेली होती केव्हाच, मातीत मिसळून. पण इतकी वर्षं नवसीला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून सांगितलं गेलं. मला तो डबा, ती माणसं, ते झाड लावणं, सगळ्याचा भयंकर संताप आला. कुणावर काढू ते कळेना.

जागेत काही नाही म्हटल्यावर अडचण उरली नाही. अंगण सपाट करायला मशीन आलं आणि उंच बाजू एका सकाळीत कापून निघाली. मशीनला ताडाची मुळं लागली म्हणून ताडही पाडला. सुटलेली माती घमेल्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायची होती, बोईसरच्या रस्त्याच्या खड्ड्यांत टाकायला. दादाने नवसीला सांगितलं होतं, आज येऊ नको. ती आली. रांगेत उभी राहून तिने घमेली वाहिली.

दुपारी मी बघितलं, एक घमेलं डोक्यावर घेऊन ती ट्रॉलीकडे न जाता फाटकाच्या वाटेला लागली होती. मी धावत तिच्या मागे गेले. पहारेकऱ्याने अडवलंच तर बोलायला कुणीतरी हवं. फाटकाच्या अलीकडे ती थांबली. घमेलं खाली घेतलं, मातीत हात फिरवला. मग वळून ट्रॉलीकडे बघितलं. ट्रॉली काठोकाठ भरली होती आणि मागे आणखी ढीग पडला होता, सगळा सारखाच तांबूस.

"बाय," ती म्हणाली, "यातली कुठली?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मला ठाऊक असेल असं तिला खरंच वाटत होतं. मग तिने घमेलं उचललं, परत फिरली आणि ते ट्रॉलीत रिकामं केलं. हात लुगड्याला पुसले आणि पुढचं घमेलं भरायला रांगेत जाऊन उभी राहिली.